फ्रँक्लिनचा मातामह

इसवी सन १७५८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडातील नॉर्थँप्टनशायर परगण्यातील एक्टन नावाच्या खेड्यात एक पाहुणा येऊन उतरला. वय बावन्न वर्षांचे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया वसाहतीचा वकील म्हणून तो लंडनला आलेला होता. विजेच्या प्रयोगांनी त्याचे नाव युरोपभर झालेले होते. त्याचे एक्टनला काम मात्र अगदी घरगुती होते. आपले वाडवडील या गावचे, एवढेच त्याला ठाऊक होते. ते कोण, केव्हा जन्मले आणि केव्हा वारले, याचा शोध त्याला घ्यावयाचा होता. बेंजामिन फ्रँक्लिनबरोबर त्याचा मुलगा विल्यम होता आणि पीटर नावाचा एक नीग्रो गुलाम होता. गावच्या धर्मोपदेशकाची पत्नी ही मोठी बोलकी वृद्धा. तिने चर्चमधील जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींची जुनी वही बाहेर काढून दाखविली आणि पाहुण्यांना स्मशानभूमीत नेले. थडग्यांच्या शिळांवर शेवाळ इतके दाट माजले होते की एकही अक्षर लागेना. तेव्हा तिने पाण्याचे भांडे आणि राठ केसांचा ब्रश मागविला. पीटरने शिळा घासून स्वच्छ केल्या आणि विल्यमने त्यांवरील लेख उतरून घेतले. फ्रँक्लिनने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या पत्नीला लिहिलेल्या पत्रात हा सारा प्रसंग आला आहे.

एक्टनच्या वहीत नोंदी १५५५ पासूनच्या होत्या. त्यांवरून फ्रँक्लिनला दिसून आले की, पाच पिढ्या मागे जावे तो आपण धाकट्या मुलाचा धाकटा मुलगा. सुमारे तीस एकरांची स्वतःची जमीन आणि तिच्या जोडीला लोहारकीचा धंदा, असा या घराचा योगक्षेम होता. थॉमस नावाचा एक चुलता १७०२ साली जुन्या पंचांगाप्रमाणे ६ जानेवारीस वारला होता. बेंजामिनचा जन्म बरोबर चार वर्षांनी, त्याच तिथीचा. पितृकुळाचा हा शोध इतका सुखाने पार पडला, कारण एका गावात तीनशे वर्षे घर टिकून होते आणि गावात नोंद ठेवण्याची शिस्त होती.

मातृकुळाची गोष्ट निराळी. फ्रँक्लिनची आई अबाया ही पीटर फोल्जर याची कन्या. १७७१ साली ट्विफर्ड येथे एका बिशप मित्राच्या घरी राहून फ्रँक्लिनने आत्मचरित्र लिहावयास घेतले, तेव्हा या मातामहासंबंधी त्याने एकच परिच्छेद लिहिला. तो न्यू इंग्लंडच्या अगदी पहिल्या वसाहतकरांपैकी होता. कॉटन मॅदर याने आपल्या धर्मेतिहासात त्याची विद्वान व सच्छील म्हणून वाखाणणी केली आहे. त्याने काही प्रासंगिक कविता केल्या, त्यांपैकी एक छापली गेली. आणि ती फ्रँक्लिनने पुष्कळ वर्षांपूर्वी पाहिली होती. यापुढे त्या कवितेतील अखेरच्या काही ओळी त्याने आठवणीने दिल्या आहेत आणि त्या कडव्याच्या आरंभीच्या दोन ओळी विसरलो, असेही प्रामाणिकपणे सांगितले आहे. मातामहाचे चरित्र तेवढ्यावर संपते. तो बंदिवासात होता, का होता आणि त्याने काय देण्याचे नाकारले, याविषयी नातवाने एक अक्षरही लिहिलेले नाही.

ही उणीव भरून काढावयाची तर घरच्या आठवणी एकीकडे ठेवून सरकारी दप्तरांकडे वळले पाहिजे. घराण्याच्या आठवणीत पूर्वजाचे शहाणपण आणि शब्दचातुर्य राहते. न्यायालयाच्या कागदात त्याचे भांडण राहते. आपल्याकडेही जुन्या वतनदारांची माणसे म्हणून खरी ओळख पटते ती त्यांच्या वंशावळीपेक्षा महजर आणि करीने यांतूनच. फोल्जरच्या बाबतीत मात्र एक चमत्कारिक अडचण आहे. ज्या न्यायालयाशी त्याचा झगडा झाला, त्याची मूळ वहीच नाहीशी झालेली आहे, आणि ती नाहीशी करणारा गृहस्थ म्हणजे खुद्द पीटर फोल्जर.

पीटर फोल्जर मूळचा इंग्लंडातील नॉर्विच शहराकडचा. बाप जॉन याच्याबरोबर तो १६३५ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये आला. त्याचे आडनाव कागदोपत्री अनेक तऱ्हांनी लिहिलेले आढळते. त्या काळी इंग्रजीत शुद्धलेखनाचे एक वळण ठरलेले नव्हते आणि लिहिणारा कारकून कानाला लागेल तसे लिही. शोधकाला एका माणसामागे चार नावे धुंडाळावी लागतात. त्यातून कालगणनेचा घोटाळा आहेच. इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे ज्या फेब्रुवारीला आपण १६७७ चा म्हणू, तो त्या काळच्या लिहिणाराच्या लेखी १६७६ चाच असे. अशा तारखांपुढे इतिहासकार दोन्ही वर्षे तिरपी रेघ देऊन लिहितात. ही रेघ न पाहिल्यामुळे बापाच्या आधी मुलगा जन्मल्याचा चमत्कार कित्येक वंशवृक्षांत घडलेला आहे.

फोल्जरची पत्नी मेरी मॉरिल. ती ह्यू पीटर या प्युरिटन धर्मोपदेशकाच्या घरी करारबद्ध मोलकरीण होती. अमेरिकेस येण्याचे भाडे अंगावर घ्यावयाचे आणि काही वर्षे बिनवेतन चाकरी करून ते फेडावयाचे, अशी ही पद्धत. ठरलेली वर्षे भरेपर्यंत चाकराला स्वतःच्या मर्जीने लग्नही करता येत नसे. घराण्यातील आख्यायिका अशी की, पीटरने २० पौंड भरून मेरीचा करार सोडविला आणि आपण आयुष्यात याहून चांगला व्यवहार केला नाही, असे तो पुढे सांगत असे. विवाह १६४४ साली झाला. त्या २० पौंडांची पावती कोणी पाहिलेली नाही. पण ही कथा फोल्जरच्या वंशजांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. हर्मन मेल्व्हिलने आपल्या 'मोबी डिक' कादंबरीत देवमासे मारणाऱ्यांच्या कुळशीलाची तरफदारी करताना मेरी मॉरिलचे नाव घेतले आहे ते फ्रँक्लिनची आजी म्हणूनच. तिचा धनी ह्यू पीटर इंग्लंडला परतला, क्रॉम्वेलच्या पक्षात मोठा झाला, आणि पुन्हा राजसत्ता आल्यावर राजवधाच्या अपराधाबद्दल १६६० मध्ये लंडनला फासावर गेला.

लग्नानंतर जोडपे मार्थाज व्हिन्यर्ड या बेटावर स्थायिक झाले. बेटाचा धनी थॉमस मेह्यू. त्याचा त्याच नावाचा पुत्र तेथील वाम्पानोआग इंडियनांत धर्मप्रचार करीत होता आणि १६५२ मध्ये त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. फोल्जर त्या शाळेत शिकवू लागला. शिकविता शिकविता तो त्यांची भाषा शिकला, आणि ती इतकी चांगली की पुढील सारे आयुष्य त्याच एका गुणावर त्याची किंमत ठरली. धाकटा मेह्यू १६५७ मध्ये इंग्लंडला जाताना जहाजासह समुद्रात नाहीसा झाला. पुढे फोल्जर बाप्टिस्ट मताचा झाला. अर्भकाला बाप्तिस्मा देऊ नये, कळत्या माणसानेच तो स्वीकारावा, असे हे मत. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन राज्यात या मताला थारा नव्हता. काही काळ तो धर्माच्या बाबतीत अधिक सैल असलेल्या ऱ्होड आयलंडकडे जाऊन राहिला.

याच सुमारास जवळच्या नॅन्टकेट बेटावर नवी वसाहत उभी राहत होती. थोरल्या मेह्यूने या बेटावरील आपला हक्क १६५९ मध्ये नऊ जणांना विकला होता. किंमत ३० पौंड आणि बीव्हरच्या केसांच्या दोन टोप्या. एक त्याला स्वतःला, एक त्याच्या पत्नीला. ही टोप्यांची अट खरेदीखतातच आहे. बेटावरील इंडियन सरदारांकडून जमीन अर्थात निराळी विकत घ्यावी लागली. नऊ खरेदीदारांनी आणखी भागीदार घेतले आणि मेह्यूने राखलेल्या हिश्शासकट पूर्ण हिस्से वीस झाले. पण नुसत्या जमीनदारांनी गाव वसत नाही. सुतार, चांभार, विणकर, गिरणीवाला, कोळी हवेत. अशा कसबी माणसांना बोलावून प्रत्येकाला अर्धा हिस्सा देण्याचे ठरले. असे अर्धे हिस्से चौदा. म्हणजे एकंदर सत्तावीस हिस्से. फोल्जरला १६६३ मध्ये अर्धा हिस्सा मिळाला तो मुख्यतः दुभाषा म्हणून. परंतु गिरणी चालविणे, जमिनी मोजणे, विणणे, लिहिणे, ही सारी कामे त्याच्याकडे येत गेली. बेटावर इंडियनांची वस्ती इंग्रजांच्या कितीतरी पट होती; त्यांच्याशी प्रत्येक सौदा आणि प्रत्येक तंटा फोल्जरच्या तोंडून व्हावयाचा. अशा माणसाच्या घरी गावातले सगळे व्यवहार येऊन साचतात.

मेरीला एकंदर नऊ मुले झाली. सर्वांत धाकटी अबाया १५ ऑगस्ट १६६७ ला नॅन्टकेटवर जन्मली. तिच्याहून मोठी बहीण बेथाया हिचे लग्न १६६९ च्या आरंभी जॉन बर्नार्डशी झाले आणि त्याच वर्षी जून महिन्यात ती उभयता मार्थाज व्हिन्यर्डहून होडीने परत येत असता होडी उलटून बुडाली. होडीत बेथायाचा भाऊ एलिझरही होता. तो तेवढा वाचला. गावच्या नोंदीत या गोष्टीला दोन-तीन ओळींहून अधिक जागा मिळालेली नाही.

आता मूळ तंट्याकडे वळावयाचे. पूर्ण हिस्सेवाल्यांचा पुढारी ट्रिस्ट्रम कॉफिन. त्याचे म्हणणे असे की, गावच्या सभेत मताचे वजन हिश्शाच्या मानाने असावे. अर्ध्या हिस्सेवाल्यांचे म्हणणे, प्रत्येक हिस्सेदार हा एक माणूस, त्याला एक मत. कॅप्टन जॉन गार्डनर हा कोळी १६७२ मध्ये अर्ध्या हिश्शावर बेटावर आला आणि या दुसऱ्या पक्षाला पुढारी मिळाला. बेट त्या काळी मॅसॅच्युसेट्सच्या नव्हे, तर न्यूयॉर्कच्या अंमलाखाली होते. त्यामुळे दोन्ही पक्षांच्या फिर्यादी न्यूयॉर्कच्या गव्हर्नरकडे जात. १६७३ मध्ये अर्ध्या हिस्सेवाल्यांचे गावसभेत बहुमत झाले आणि पीटर फोल्जर गावाचा व न्यायालयाचा चिटणीस निवडला गेला. न्यायालयाची वही त्याच्या ताब्यात आली ती अशी.

वहीचे महत्त्व त्या काळच्या मानाने समजून घेतले पाहिजे. बेटावर छापखाना नव्हता, दुसरी प्रत नव्हती. कोणाला कोणती जमीन दिली, कोणत्या इंडियनाशी काय ठरले, सभेत कोणत्या बाजूला किती मते पडली, या सर्वांचा पुरावा म्हणजे चिटणिसाच्या हातची ती एक वही. ज्याच्या हाती वही, त्याच्या बाजूचा कालचा दिवस.

१६७५ मध्ये मुख्य भूमीवर वाम्पानोआगांचा राजा मेटाकॉम, ज्याला इंग्रज किंग फिलिप म्हणत, त्याने इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारले. न्यू इंग्लंडमधील गावेच्या गावे जळाली. नॅन्टकेटचे इंडियन शांत राहिले, आणि त्याचे काही श्रेय फोल्जरला देणे अवाजवी होणार नाही. त्याने याच वेळी, २३ एप्रिल १६७६ या तारखेने, ती दीर्घ कविता रचली. वृत्त ओबडधोबड, भाषा साध्या माणसाची. पण विषय धाडसाचा. हे युद्ध म्हणजे परमेश्वराचा दंड होय; आणि अपराध कोणता, तर बाप्टिस्ट, क्वेकर आणि इतर पंथांच्या लोकांना राज्यकर्त्यांनी केलेला छळ. ते कायदे रद्द करा, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे, आणि शेवटी आपले नाव व गाव घालून टाकले आहे. निनावी निंदा करणे आपल्या स्वभावात नाही, असा त्याचा भाव. फ्रँक्लिनने या कवितेचे साल १६७५ दिले आहे. आठवणीचा एका वर्षाचा घसारा झाला एवढेच. तिची जी सर्वांत जुनी छापील प्रत माहीत आहे, ती १७२५ ची, म्हणजे कर्त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी निघालेली.

कविता लिहून वर्ष भरले नाही तोच बेटावर पारडे फिरले. गव्हर्नर एडमंड अँड्रॉसने नेमलेला मुख्य न्यायाधीश थॉमस मेसी आजवर गार्डनरच्या बाजूचा होता. तो कॉफिनच्या पक्षाला जाऊन मिळाला. त्याच्या सनदेची मुदत संपलेली आहे, असे विरुद्ध पक्षाचे म्हणणे. ती चालू आहे, असे त्याचे. ट्रिस्ट्रमचा मुलगा पीटर कॉफिन सहाय्यक न्यायाधीश झाला. फेब्रुवारी १६७७ मध्ये हे न्यायालय बसले आणि त्याने पहिल्याने गार्डनरला बोलाविले. न्यायासनाची बेअदबी केली म्हणून त्याला दंड झाला आणि त्याचा मताधिकार काढून घेण्यात आला. मग चिटणीस फोल्जर याला हुकूम झाला की, न्यायालयाची वही आणून हजर कर. फोल्जरने वही दिली नाही. त्याच्या मते हे न्यायालय न्यायालयच नव्हते. २० पौंडांचा जामीन मागण्यात आला. तो न मिळाल्यामुळे त्याला कोंडण्यात आले. मेरीच्या मोकळिकीला जेवढे पैसे पडले म्हणून घरचे लोक सांगत, तोच हा आकडा.

या बंदिवासाचे वर्णन स्वतः फोल्जरने केलेले आहे. २७ मार्च १६७७ रोजी त्याने गव्हर्नर अँड्रॉसला लिहिलेले पत्र शाबूत आहे आणि शोधकाच्या दृष्टीने साऱ्या प्रकरणात याहून मोलाचा कागद नाही. जेथे आजवर एकाही इंग्रजाला ठेवलेले नव्हते अशा जागेत आपल्याला घातले. आदल्याच रात्री तेथे शेजाऱ्यांची डुकरे निजली होती. कडाक्याची थंडी आणि दाट बर्फ असता आतील बर्फ व घाण तेवढी जेमतेम बाहेर फेकण्यात आली, असे तो लिहितो. भाषेत आकांडतांडव नाही. हिशेब देणाऱ्या कारकुनाची भाषा आहे. आपण साठ वर्षांचा गरीब म्हातारा, असे तो सांगतो. पीटर फोल्जरचे जन्मसाल १६१७ च्या आसपासचे धरले जाते, त्याला हे वाक्य मोठा आधार होय. ज्या गोष्टीसाठी एक्टनला वही चाळावी लागली, ती येथे डुकरांच्या खुराड्यातून लिहिलेल्या अर्जात सापडते. आपल्याला बंदीत टाकल्याने इंडियन लोक बेचैन झाले आहेत, हेही तो गव्हर्नरच्या कानावर घालतो. मुख्य भूमीवरील युद्ध नुकतेच थंडावले होते. या वाक्यातील गर्भित अर्थ न्यूयॉर्कमध्ये कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

फोल्जरची बाजू सर्वस्वी निर्मळ होती, असे मात्र समजू नये. वही गावाची होती, त्याची नव्हे. सत्ता ज्यांच्या हाती गेली त्यांना पूर्वीचे दप्तर मिळू नये, हा पायंडा कोणत्याही राज्याला परवडणारा नाही. कॉफिन आणि मेसी यांनाही भिण्यास कारण होते. भर सभेत न्यायासनाची टवाळी होऊ दिली तर शंभरपन्नास इंग्रजांच्या त्या बेटावर कोणता कायदा उरला असता? उलटपक्षी, म्हाताऱ्या माणसाला बर्फात डुकरांच्या जागी कोंडणे हे कायद्याचे रक्षण खास नव्हे. तो सूड होता. आणि वही त्या दिवशी कॉफिनच्या हाती गेली असती तर अर्ध्या हिस्सेवाल्यांच्या मतांच्या नोंदी तिच्यात राहिल्या असत्या, अशी हमी कोण देणार होते? फोल्जरने मौन धरले आणि वही दडविली. ती त्याने कोठे ठेवली, हे त्याने सांगितले नाही, आणि पुढेही तिचा पत्ता लागला नाही.

अँड्रॉसने अखेर या खटल्यांवरील पुढील कारवाई तहकूब करविली. थोड्याच वर्षांत बेटाचा कारभार गार्डनरकडे आला. ट्रिस्ट्रम कॉफिन १६८१ मध्ये वारला. १६८६ मध्ये पीटर कॉफिनचा मुलगा जेथ्रो आणि जॉन गार्डनरची मुलगी मेरी यांचे लग्न झाले. त्यांच्यासाठी बांधलेले घर बेटावरील सर्वांत जुने घर म्हणून आजही दाखविले जाते. ज्यांनी एकमेकांवर खटले भरले ते व्याही झाले.

१६९१ च्या सनदेने नॅन्टकेट बेट मॅसॅच्युसेट्सला जोडले गेले. परंतु तोपर्यंतचे कागद न्यूयॉर्कच्या सरकारी दप्तरात राहिले आणि पुढे त्या राज्याची राजधानी ऑल्बनी येथे गेले. म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या बेटावरील भांडण ऑल्बनीत जाऊन शोधावे लागते. फ्रँक्लिन हफ नावाच्या अभ्यासकाने हे कागद १८५६ मध्ये छापून काढले. बेंजामिन फ्रँक्लिनला मरून तेव्हा सहासष्ट वर्षे झाली होती. आपल्या मातामहाचे पत्र त्याच्या पाहण्यात आले असेल, असे मानण्यास आधार नाही.

पण घरी कोणी काही सांगितले नसेल काय? बाप कोंडला गेला तेव्हा अबाया नऊ वर्षांची होती; नऊ वर्षांचे मूल अशी गोष्ट विसरत नाही. १६८९ मध्ये ती बॉस्टनला जोसाया फ्रँक्लिन या मेणबत्त्या व साबण करणाऱ्या विधुराशी विवाहबद्ध झाली. तिला दहा अपत्ये झाली, त्यांत बेंजामिन आठवा. त्याचा थोरला भाऊ जेम्स याने १७२१ मध्ये बॉस्टनला एक वृत्तपत्र काढले. पुढील वर्षी त्यातील एका मजकुरावरून विधिमंडळाने त्याला पकडले. लेखकाचे नाव तो सांगेना, म्हणून सुमारे महिनाभर तुरुंगात ठेवले. उमेदवार म्हणून छापखान्यात काम करणाऱ्या बेंजामिनलाही चौकशीला नेले. त्यानेही काही सांगितले नाही. धन्याची गुपिते राखणे हे उमेदवाराचे कर्तव्य, असे समजून त्याला ताकीद देऊन सोडले असावे, असे तो लिहितो. अबाया तेव्हा चोपन्न-पंचावन्न वर्षांची होती. बाप आणि दोन मुलगे, तिघेही सत्ताधाऱ्यांपुढे तोंड मिटून उभे राहिलेले तिने पाहिले. तिने त्यावर काय म्हटले, हे कोठल्याही कागदात नाही.

न्यायालयाच्या कागदांत फोल्जरच्या घरातील आणखी एक व्यक्ती भेटते आणि तिची भेट सुखाची नाही. अबायाची बहीण बाथशुआ हिचे लग्न सेलम गावच्या जोसेफ पोपशी झाले होते. १६९२ मध्ये सेलमला चेटकिणींचे खटले सुरू झाले. २१ मार्चला मार्था कोरी या प्रौढ स्त्रीची सर्वांसमक्ष चौकशी चालली असता, आपल्याला चेटूक बाधते आहे असा कांगावा करणाऱ्यांत पोपची बायको होती. तिने आधी हात ऊबदार ठेवण्याची लोकरी पिशवी मार्था कोरीवर फेकली. ती पोहोचली नाही, तेव्हा पायातला जोडा काढून तिच्या डोक्यात मारला. हे त्या वेळी हजर असलेल्या डिओडॅट लॉसन या धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे. मार्था कोरीला २२ सप्टेंबर रोजी फाशी दिले. मतासाठी कोणाचा छळ करू नका म्हणून ज्याने वसाहतीला बजावले, त्याचीच ही लेक. फ्रँक्लिनच्या आत्मचरित्रात या मावशीचे नाव नाही. वंशाचा शोध करणाऱ्याने दप्तर उघडावे की न उघडावे, हा प्रश्न अशा ठिकाणी खरोखरच उभा राहतो. एक्टनच्या शिळा घासताना तो उभा राहत नाही.

मातुलगृहाशी फ्रँक्लिनचा संबंध तुटलेला नव्हता. १७६८ मध्ये तो लंडनला टपालखात्याच्या कामात असता, इंग्लंडहून अमेरिकेस जाणाऱ्या टपालाच्या जहाजांना व्यापारी जहाजांपेक्षा अधिक दिवस का लागतात, असा प्रश्न निघाला. त्याने तो नॅन्टकेटच्या टिमथी फोल्जर या आपल्या नातेवाईक कप्तानाला विचारला. देवमाशांच्या मागे फिरणाऱ्या बेटवासीयांना समुद्रातील तो उष्ण प्रवाह पाठ होता. टपालाची जहाजे त्याच्या उलट जात, हे टिमथीने सांगितले आणि नकाशावर प्रवाहाची रेषा काढून दिली. गल्फ स्ट्रीमचा पहिला छापील नकाशा यातून निघाला.

पीटर फोल्जर १६९० मध्ये नॅन्टकेटवर वारला. त्याच्या अखेरच्या वर्षांत त्याला कोणी छळले असे दिसत नाही. गावाला दुभाषा लागत होता आणि दुभाषा तोच होता. मेरी त्याच्यामागे चौदा वर्षे जगली आणि १७०४ मध्ये गेली, म्हणजे बेंजामिनच्या जन्माच्या दोन वर्षे आधी. अबाया मात्र १७५२ पर्यंत होती. बॉस्टनच्या ग्रॅनरी स्मशानभूमीत आईबापांच्या स्मरणार्थ फ्रँक्लिनने संगमरवरी शिळा बसविली आणि तिच्यावरचा लेख स्वतः रचला. एक्टनच्या शिळा त्याने घासून घेतल्या त्या यानंतर सहा वर्षांनी. फोल्जरच्या हातची वही अजूनही सापडलेली नाही.